‘आता आवडतं’ एवढ्यावर भागत नाही

‘आधी हा बँड मला डोक्यात जायचा, आता लूपवर ऐकतो.’ हे वाक्य बोलायला कुणाचं काहीच जात नाही. उलट बोलणाऱ्याचा भाव थोडा वाढतो. बघा, माझी आवड कशी वाढत गेली, मी किती मोकळ्या मनाचा आहे! ऐकणारेही मान डोलावतात आणि गप्पा पुढे सरकतात.

माझा या वाक्यावर आक्षेप आहे. मत बदलायला हरकत नाही, बदलावंच. पण बदललं नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. कान बदलला? की तो बँड जुना झाला, त्याला पुरस्कार मिळाला, त्याचे ऐकणारे आपल्या आसपास उरले नाहीत, म्हणून तो आता आवडून घ्यायला सोपा झाला? बहुतेक वेळा हे दुसरंच घडलेलं असतं आणि आपण त्याला कानाची प्रगती म्हणतो.

बँड म्हटलं की आपल्याला गिटार आणि ड्रमच आठवतात. पण सातारा-सांगलीत शंभर वर्षांहून जास्त काळ जे बँड गावोगाव फिरले, त्यांना फड म्हणतात. ढोलकी, हलगी, तुणतुणं, गाणाऱ्या बाया, सोंगाड्या, स्वतःचा कवी, स्वतःचा ट्रक आणि तंबू. टूर म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. आणि नाकं मुरडून घेण्याचा त्यांच्याइतका अनुभव कुठल्याच बँडला नसेल.

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावात १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. घरी कुलकर्णीपण, जात ब्राह्मण. त्यांनी लावण्या लिहिल्या, फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. दलित समाजातल्या पवळाबाईंसोबत त्यांनी फड गाजवला. स्वजातीयांनी त्यांना दूर केलं. १९४५ साली हलाखीत त्यांचा मृत्यू झाला आणि अवघ्या पाचच वर्षांत त्यांच्या नावाचा सिनेमा आला. आता विचार करा, त्या पाच वर्षांत लावण्यांमधला एक तरी शब्द बदलला होता का? फक्त माणूस गेला होता. मेलेला माणूस पंगतीला येऊन बसत नाही, त्यामुळे त्याला मोठं म्हणायला जड जात नाही.

त्याच वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथे मांग कुटुंबात अण्णा भाऊ साठे जन्मले. १९४०च्या दशकात अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा साचा तोच ठेवला, पण आत गिरणी कामगार आणि शेतकरी आणून बसवले. त्या काळच्या मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. अण्णा भाऊंनी आयुष्याची बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली आणि १९६९ साली ते गेले. पुढे २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. सरकारचंही मत बदललं म्हणायचं! फक्त ज्याच्याबद्दल बदललं, त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आता कृष्णाकाठाने वर, वाईला या. वाई म्हणजे घाट, देवळं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय. याच वाईच्या यमुनाबाई वाईकर. कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मलेल्या, बैठकीच्या लावणीत ज्यांच्या अदाकारीला तोड नव्हती अशा. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, म्हणजे वयाच्या शंभरीला तीन-चार वर्षं उरली असताना. २०१८ साली त्या गेल्या. एकाच गावात ज्ञानाचा कोश आणि लावणीची खाण शेजारी शेजारी होती. पण ‘चांगल्या घरातल्या’ लोकांना त्यातलं एक अभिमानाने सांगता यायचं आणि दुसरं लपूनच ऐकावं लागायचं.

इथे मुद्दा स्पष्ट होतो. नावड त्या संगीताची नव्हतीच. ते कोण गातं, कोण ऐकतं, कुठल्या आळीत चालतं, याची होती. ‘तसले लोक ऐकतात’ हे वाक्य मनात आधी आलं आणि ‘मला ढोलकीचा आवाज सहन होत नाही’ हे कारण मागून शोधलं गेलं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवून दिला गेला. रॉकचे चाहते मैदानात घुसले, दंगल झाली, पुढचा सामना रद्द करावा लागला. तेव्हा म्हणणं एवढंच होतं की डिस्को फालतू आहे. नंतर अनेकांनी दाखवून दिलं की डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतून आलेलं संगीत होतं आणि त्या रागात हे सगळं मिसळलेलं होतं. त्याच शिकागोत पुढे हाऊस संगीत जन्मलं. आज ते जगभर वाजतं आणि ऐकणाऱ्याला कूल समजतात.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला: मग काय सगळंच गोड मानायचं? मुळीच नाही. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. घुंगरांवर घर चालवणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मुलाच्या वाट्याला काय येतं, ते त्यात आहे. लावणीवर रील करताना ‘आपली परंपरा’ लिहून मोकळं होणारे या पुस्तकाशेजारून जात नाहीत. ज्यांना काल आपण घाण म्हटलं, त्यांना आज नुसतं ‘वारसा’ म्हणणं हीसुद्धा न ऐकण्याचीच पद्धत झाली. वारसा म्हटला की मजुरी, उचल, कर्ज, मुलांची शाळा यांबद्दल विचारावं लागत नाही.

दुसरा: मग मिरवणुकीतल्या डॉल्बीलाही नावं ठेवायची नाहीत का? ठेवा की. पण कशाला ठेवताय ते वेगळं काढा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. छातीत धडधडणाऱ्या भिंतीला विरोध करणं म्हणजे म्हाताऱ्यांच्या, तान्ह्या पोरांच्या, आजाऱ्यांच्या बाजूने बोलणं. तो विरोध आवाज कमी केला की संपतो. तुमचा संपत नसेल, आवाज कमी झाल्यावरही ‘ती पोरं’ आणि ‘ती गाणी’ खुपत असतील, तर तक्रार डेसिबलची नव्हती. ही चाचणी सोपी आहे आणि प्रत्येकाने आपल्यापुरती करून पाहावी.

आज गंमत अशी आहे की जे लोक बेंजो पार्टीला गावठी म्हणायचे, तेच डॉल्बी आल्यावर ‘बेंजोची मजाच वेगळी होती’ म्हणून उसासे टाकतात. वीस वर्षांनी डॉल्बीवरही असाच हळवा लेख येईल. आवडीची ही गाडी नेहमी एक स्टेशन उशिरा का पोचते? कारण उशिरा पोचलं की पैसे मोजावे लागत नाहीत.

आणि खरी गोष्ट पैशांचीच आहे. मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी गावोगावच्या जत्रांमध्ये हजारो माणसांना पोट धरून हसवलं. तो फड जगला तो रात्रभर तंबूत बसणाऱ्या, तिकीट काढणाऱ्या शेतकरी-मजुरांवर. त्यांना मत बदलायची गरज पडली नाही, कारण त्यांनी आधीच ऐकलं होतं. २०२० आणि २०२१ साली कोविडमुळे जत्रा बंद पडल्या. फडांचा धंदा वसंतातल्या जत्रांवर चालतो, तोच हंगाम लागोपाठ दोनदा बुडाला. त्या वेळी ‘लावणी म्हणजे आपली शान’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. पण शानीवर ट्रकचा हप्ता फिटत नाही.

म्हणून मत बदलल्याची घोषणा करणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. ज्याला नावं ठेवत होतास, ते तेव्हा पूर्ण ऐकलं होतंस का? गण, गवळण, बतावणी, वग, असं सगळं, की फक्त कुणाच्या तरी स्टेटसवरची तीस सेकंदं? आता आवडतं म्हणतोस, तर त्यातलं कोण जिवंत आहे आणि त्याला तुझ्याकडून काय मिळालं? आणि आज कुणाला नावं ठेवतोयस?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण मागच्या पिढीच्या नावडीला हसणं सोपं असतं, आपली नावड मात्र आपल्याला चांगली चव वाटते. इस्लामपूरचा एखादा पोरगा फोनवर रॅप रेकॉर्ड करतोय, माणमधली गजी मंडळी ढोलावर नाचतायत, कराडच्या लग्नात कुणी बेंजोवर जीव तोडून वाजवतोय. यातलं काही वाईटही असेल. वाईट आहे म्हणायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे, फक्त त्याने आधी ऐकलेलं असावं.

यंदा चैत्रात गावच्या जत्रेत तमाशाचा तंबू लागला, तर तिकीट काढा, फोन खिशात ठेवा आणि पहाटेपर्यंत बसा. नाही आवडला तर तसं खुशाल लिहा. ती नावड तरी तुमची स्वतःची असेल.