पेडल दुसऱ्या दिवशीही कडक हवे

पावसाळा सरला की शेडमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या गॅरेजची वाट धरतात. फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, एखादी विलीज जीप. अनेकांची तक्रार सारखीच असते: पेडल खाली जाते. मग मास्टर सिलिंडर उतरतो, नवे किट पडते, संध्याकाळी घाईघाईने चारी चाकांची हवा काढली जाते आणि किल्ली मालकाच्या हाती जाते. आठवडाभरात गाडी पुन्हा दारात उभी राहते आणि खापर किटवर फुटते. आमच्या मते दोष बहुतेक वेळा किटचा नसतो. हवा काढणे हे आपण हाताखालच्या पोराचे, उरकून टाकायचे काम मानतो, तिथे गाडे अडते.

या गाड्यांना अशी हयगय परवडत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही आणि ऑइलची लाइन एकच. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचे झाले. आपल्याकडच्या या पिढीला ते लाभले नाही. एका चाकाचा वॉशर फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो फक्त हँडब्रेक.

कामाची सुरुवात बोअरपासून होते. नख अडकेल असा खड्डा असेल तर होन मारून भागत नाही. स्लीव्ह बसवा किंवा सिलिंडर बदला. रबराचे भाग पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने कधीही धुऊ नका, कारण खनिज तेल लागले की हे रबर फुगते. धुवायला स्पिरिट किंवा स्वच्छ ब्रेक ऑइल, आणि बसवताना बोअरला व वॉशरला ताजे ब्रेक ऑइलच लावा. टाकीतून बोअरमध्ये उतरणारे बारीक भोक उजेडात धरून मुद्दाम तपासा. पेडल सोडल्यावर जादा ऑइल याच भोकातून टाकीत परतते. ते तुंबले असेल, किंवा पुशरॉडला मोकळीक न ठेवल्याने वॉशरखाली झाकले गेले असेल, तर तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट राहत नाही. लाइनर ड्रमला घासत राहतात आणि पेडलला पाय न लावताही गाडी ब्रेक धरते.

सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बाकावरच भरून घ्या. व्हाइसमध्ये आडवा धरा, ऑइल बाहेर पडते त्या तोंडाला छोटा पाइप लावून त्याचे टोक टाकीतल्या ऑइलखाली सोडा आणि पिस्टन सावकाश दाबत राहा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग मोहरीएवढे, मग येईनासे होतात. ही काही मिनिटे वाचवली, तर कोऱ्या सिलिंडरमधली सगळी हवा लाइनमधून पार चाकापर्यंत ढकलत न्यावी लागते.

गाडीवर चढल्यावर आधी लाइनर ॲडजस्ट करा, मग हवा काढा. लाइनर ड्रमपासून लांब असतील तर पेडलचा सारा प्रवास ते अंतर कापण्यातच संपतो आणि आत हवा आहे असा भास होतो. मॅन्युअलने वेगळे सांगितले नसेल तर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करा. नळी पारदर्शक हवी आणि तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेले हवे. ‘दाब’ म्हटल्यावर हेल्परने सावकाश दाबायचे आणि दाबूनच धरायचे. निपल पुरता आवळल्याशिवाय ‘सोड’ म्हणायचे नाही; पाय आधी सुटला तर हवा आत ओढली जाते. भराभर पंप मारू नका, त्याने मोठा बुडबुडा फुटून बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. प्रत्येक चाकानंतर टाकी भरा. टाकीचा तळ उघडा पडला तर काम पहिल्यापासून.

पायाला तीन दोष वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पेडल खोल जाते पण तिथे कडक लागते, तर लाइनर पाहा. पेडल लवचीक लागते आणि पंप मारल्यावर वर येते, तर हवा आहे. पेडल कडक लागते पण जोर कायम ठेवला की हळूहळू खाली उतरते, तर कुठेतरी ऑइल निसटते आहे. बाहेर ओल दिसत नसेल तर ते मास्टरच्या वॉशरवरून मागे जाते आहे. तिथे डबाभर ऑइल ओतून हवा काढली तरी उपयोग नाही. मास्टर पुन्हा उघडावाच लागतो.

ऑइलच्या बाबतीतही काटकसर नको. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० वर येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडी बाटली ओलावा ओढतच असते. बाटलीत काढलेले ऑइल गाळून परत टाकीत ओतण्याची पद्धत आपल्या धंद्यातून हद्दपार व्हायला हवी.

आमची सर्व कारागिरांना विनंती आहे: हवा काढली त्या संध्याकाळी किल्ली देऊ नका. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी पेडल दाबून धरा, प्रत्येक चाकाची आतली बाजू आणि मास्टरचा रबरी बूट बोटाने चाचपून ओल पाहा, मग मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात गाडी थांबवून बघा. ऑइलचा डॉट क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकीला बांधा. मालक घाई करील, तरी आपला नियम मोडू नका. सकाळची ही तपासणी झाल्याशिवाय ब्रेकचे काम पूर्ण झाले असे कोणीही म्हणू नये.