गोलरक्षकाला दुसरा सामना हवा

शालेय फुटबॉलच्या तालुका स्पर्धा पावसाळ्यात उरकल्या जातात आणि त्या बाद पद्धतीच्या असतात. हरला तो संघ घरी. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्यातला पंधरा वर्षांचा गोलकी त्यात एखादा सामना खेळतो, ओला चेंडू हातातून निसटतो आणि त्याचे वर्ष तिथेच संपते. आघाडीवरच्या पोराने चार संधी दवडल्या तरी पाचवीला गोल झाला की त्याला खांद्यावर घेतात. गोलकीची चूक मात्र थेट फलकावर चढते. पुढच्या वर्षी हातमोजे दुसऱ्याच पोराच्या हातात दिसतात. गुणवत्तेची ही नासाडी आपण स्पर्धा ज्या पद्धतीने भरवतो तिच्यातून होते, असे आमचे मत आहे.

गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीची कारकीर्द यासाठी मुद्दाम पाहावी. २० डिसेंबर २०१५ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर झाला. ८७व्या मिनिटाला एफसी गोवा २-१ असा पुढे गेला आणि चषक घरीच राहणार असे सर्वांना वाटले. पण नियमित वेळ संपता संपता समोरच्या चेन्नईयिन संघाची बरोबरी झाली, तीही गोव्याचा गोलरक्षक कट्टीमनीच्या नावावर नोंदल्या गेलेल्या स्वयंगोलाने. भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. घरच्या प्रेक्षकांसमोर हातातला चषक गेला. अशा एका रात्रीनंतर अनेक गोलरक्षकांची नावे पुन्हा ऐकू येत नाहीत.

कट्टीमनी खेळत राहिला. पुढे तो हैदराबाद संघात गेला आणि २० मार्च २०२२ रोजी त्याच फातोर्ड्यावर पुन्हा अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर केरला ब्लास्टर्स होते. १-१ अशी बरोबरी जादा वेळेतही सुटली नाही, म्हणून निकाल पेनल्टींवर गेला. अकरा मीटरवरून चेंडू येतो तेव्हा तो पाहून झेपावायला वेळ नसतो. मारणाऱ्याचा खांदा, टेकलेला पाय, धावण्याचा कोन यांवरून दिशा ताडावी लागते. कट्टीमनीने तिघांच्या पेनल्टी रोखल्या. त्यातल्या एकदा तो वेळेआधी रेषेपुढे आला म्हणून पंचांनी ती पुन्हा मारायला लावली. त्याने तीही अडवली. हैदराबाद ३-१ ने जिंकले. २०१५ ते २०२२ या काळात त्याला सामने मिळत गेले, संघ मिळत गेले. म्हणून २०२२ची ती रात्र त्याच्या वाट्याला आली.

इंग्लंडमध्ये खालच्या विभागांतल्या गोलरक्षकालाही अशी दुसरी संधी मिळते. तिथे वरच्या चार विभागांत ९२ क्लब आहेत आणि त्यांच्याखाली पायऱ्यांमागून पायऱ्या. जिमी ग्लास १९९८ मध्ये बोर्नमथकडून वेम्बलीवर दुय्यम चषकाचा अंतिम सामना खेळला. त्यात त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि संघ हरला. वर्षभराने चौथ्या पायरीवरच्या कार्लाइल क्लबकडे गोलरक्षकच उरला नाही, तेव्हा त्याला त्याच्या तेव्हाच्या स्विंडन क्लबकडून उसने आणले गेले. ८ मे १९९९ रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, क्लब लीगबाहेर जाण्याच्या बेतात होता. अखेरच्या क्षणी कॉर्नर मिळाला. ग्लास आपला गोल मोकळा सोडून पुढे धावला आणि ९५व्या मिनिटाला त्याने गोल केला. कार्लाइल वाचले. तो त्यांच्याकडून एकूण तीनच सामने खेळला. तिशीच्या आत त्याने खेळ सोडला आणि पोटासाठी टॅक्सी चालवली. कीर्तीने त्याचे घर चालले नाही, हे खरेच. पण वेम्बलीनंतरही त्याला मैदान मिळाले, हेही तितकेच खरे.

संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारख्या तोलाच्या खेळाडूच्या काळातही १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधारपद आणि गोल दोन्ही बंगालच्या भास्कर गांगुली यांच्याकडे होते. शंखवाळकर पुढे भारताचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८३-८४ची संतोष करंडक स्पर्धा एकही गोल न स्वीकारता जिंकली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही उंची साळगावकर क्लबमधल्या वर्षानुवर्षांच्या सामन्यांतून आली. क्लब मोडले की गोलरक्षकही उरत नाहीत. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे गोव्याचे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा अशा किती जागा एकदम गेल्या याचा विचार करावा.

वऱ्हाडात अजून तेवढीही सोय नाही. इथली काळी माती पावसात पाय रुतवते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. त्यावर झेप घेणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात कोपर सोलून घेतो. पडावे कसे हे गोलरक्षकाचे पहिले शिक्षण, आणि तेच कुणी शिकवत नाही. बहुतेक शाळांत धावण्यात मागे पडतो त्याला गोलमध्ये पाठवले जाते. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून बॉक्सिंगपटू घडले, म्हणजे या जिल्ह्याला खेळाडू घडवता येतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तिथे शिकलेले क्रीडाशिक्षक गावोगावी आहेत. त्यांना गोलरक्षकाच्या सरावाचे चार दिवसांचे शिबिर देणे अवघड नाही.

मुख्य बदल स्पर्धेच्या पद्धतीत हवा. तालुक्यातले सहा संघ साखळी पद्धतीने खेळले, तर प्रत्येक संघाला पाच सामने मिळतील. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. शाळेचे मैदान, रविवारची सकाळ आणि दोन पंच पुरेत. प्रत्येक संघाने दोन गोलरक्षक नोंदवावेत आणि दोघांनाही खेळवणे सक्तीचे करावे. अकोला जिल्ह्याच्या क्रीडा यंत्रणेने आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी येत्या हंगामाआधी एकत्र बसून निदान एका तालुक्यात हे करून पाहावे. सुरुवात बार्शीटाकळीपासून करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.