हातहुन्नर : धनुष्याचा टणत्कार



रामायण-महाभारताच्या गोष्टींत वीराने धनुष्याची दोरी ओढून सोडली की टणत्कार होतो. तो ऐकून शत्रूच्या उरात धडकी भरते, घोडे उधळतात. गोष्टीत हे शोभून दिसतं. पण तुम्ही सुट्टीत बांबूच्या कामट्या बांधून, त्यांची टोकं शेकून पुढे वळवून जे धनुष्य केलंत, ते दर बाणाला 'फट्ट' वाजत असेल आणि धरलेल्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येत असतील, तर खूश होऊ नका बरं का! तो आवाज म्हणजे बाणाला मिळायची शक्ती वाटेतच सांडलेली.

टोकं अशी पुढे वळलेल्या धनुष्याला रिकर्व्ह म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये खेळला, तो रिकर्व्हच घेऊन. त्या धनुष्यांना पुढे लांब दांडे लावलेले असतात. हादरे शोषायला आणि धनुष्य स्थिर ठेवायला. आपल्या घरगुती तीरकमठ्याला असले दांडे कुठून आणणार? पण त्यांची गरजही नाही. आधी हादरा येतो कुठून ते पाहू.

क्रिकेटचा चेंडू जोरात फेका. मग तेवढ्याच जोराने टेबल टेनिसचा चेंडू फेकून बघा. (एकदाच बघा!) दुसऱ्या वेळी खांद्याला हिसका बसतो. हलका चेंडू हाताचा जोर घेऊच शकत नाही, उरलेला जोर तुमच्याच खांद्यात जिरतो. धनुष्याचंही तसंच आहे. ओढताना त्याच्या दोन्ही भुजांमध्ये शक्ती साठते. दोरी सोडली की तिचा मोठा वाटा बाण घेऊन जातो आणि बाकीचा पळत्या भुजांत आणि दोरीत राहतो. दोरी ताठ होऊन थांबते, तेव्हा हा उरलेला वाटा थरथर आणि आवाज होऊन बाहेर पडतो. म्हणूनच बाण न लावता नुसती दोरी ओढून कधीही सोडायची नाही. मग सगळीच शक्ती धनुष्यात राहते आणि बांबू फाटू शकतो.

तेव्हा पहिला इलाज धनुष्यावर नाही, बाणावर! घरगुती बाण बहुतेक वेळा फार हलके असतात. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा मिळवा. त्याच्या आकड्यात दोरी अडकवून, तुम्ही नेहमी ओढता तेवढी मोठ्या माणसाकडून ओढून घ्या. समजा काटा 9 किलो दाखवतो. म्हणजे सुमारे 20 पौंड. तिरंदाज एका पौंडाला 8 ते 10 ग्रेन वजनाचा बाण घेतात. आपण 10 धरू. 20 पौंडाला 200 ग्रेन, म्हणजे जवळपास 13 ग्रॅम. (सोनाराची जुनी गुंज जवळपास दोन ग्रेनची, म्हणजे आपला बाण शंभरएक गुंजांचा झाला!) एवढं बारीक वजन करायला सोनाराचाच काटा लागेल. तुमचा बाण 7-8 ग्रॅमचा निघाला, तर टोकाशी तांब्याची तार गुंडाळून वजन वाढवा. बाण थोडा हळू जाईल, पण आवाज लगेच खाली येईल.

बाणाच्या मागची खाचही तपासा. बाण दोरीवर लावून धनुष्य आडवं धरा, बाणाचं टोक जमिनीकडे. बाण लटकून राहायला हवा आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडायला हवा. सैल खाच जास्त वाईट. बाण ऐन वेळी निसटला, तर रिकामी दोरी सोडल्यासारखंच होतं.

आता दोरी. रिकर्व्हची खरी खोड इथे आहे. दोरी चढवलेली असताना ती दोन्ही टोकांशी काही बोटं लांबीपर्यंत भुजेला टेकलेली असते, तुमच्याकडच्या बाजूने. ओढली की ती तिथून उचलली जाते आणि बाण सुटला की पुन्हा तिथेच आपटते. 'फट्ट'मधला मोठा भाग हाच! चप्पल शिवणाऱ्या काकांकडून मऊ चामड्याच्या दोन पातळ पट्ट्या आणा आणि दोरी टेकते तिथे नीट चिकटवा. जाड लावू नका. टोक जड झालं तर हादरा उलट वाढतो.

मग मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. अनेक रिकर्व्ह धनुष्यांत ते सात ते साडेआठ इंच असतं, म्हणजे तुमच्या वितीएवढं किंवा जरा जास्त. कमी असलं तर दोरी मनगटाला फटके देते आणि भुजेवर जोरात आपटते. फार वाढवलं तर बांबूवर ताण येतो आणि बाणाला ढकलायला दोरी कमी वेळ मिळते. मधे कुठेतरी धनुष्य सगळ्यात शांत होतं. ते ठिकाण प्रत्येक धनुष्याचं वेगळं, पुस्तकात मिळायचं नाही, कानानेच शोधावं लागतं. दोरी उतरवा, एक फास काढून पिळाच्याच दिशेने चार पीळ द्या आणि परत चढवा. दोरी आखडते, अंतर वाढतं. तीन बाण मारा, ऐका. पुन्हा चार पीळ. दोरी पॉलिएस्टरच्या दोऱ्यांची असावी. नायलॉन फार ताणतं. आणि पतंगाचा मांजा तर अजिबात नको, बोटं कापेल.

एवढं केल्यावरही दोरी गुणगुणत असेल, तर गोंडे बांधा. जुन्या स्वेटरची लोकर घ्या. बोटाएवढे पंधरा-वीस धागे मधोमध दोरीच्या पदरांत अडकवून घट्ट बांधा. कुठे बांधायचे? दोरी एकतारीसारखी सबंध झुलते, शिवाय दोन अर्ध्यांतही झुलते. त्या वेळी तिचा मध्य स्थिर असतो आणि जास्तीत जास्त हलते ती दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर. तिथेच एकेक गोंडा. मध्यावर तर बाणच लागतो! पावसात लोकर पाणी पिऊन जड होते, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या बऱ्या. गोंड्यांनी वेग किंचित घटतो. म्हणून ते शेवटी बांधायचे, आधी नाही. गोंड्यांनी आवाज झाकला, तर हलका बाण आणि सैल खाच तशीच राहून जाते.

हाताचा हादरा मात्र गोंड्यांनी जात नाही. दोन भुजा सारख्या वाकत नसतील, तर एक आधी थांबते, दुसरी मागून येते आणि मूठ हिसकते. धनुष्य भिंतीवर आडवं टेकवून मोठ्यांकडून हळूहळू ओढून घ्या आणि दोन्ही बाजू निरखा. जी कमी वाकते ती काचपेपरने थोडी थोडी घासा. टोकंही घासून निमुळती करा, दोरीची खाच सांभाळून. आणि मूठ करकचून धरू नका. टीव्हीवर पाहिलंत ना, बाण सुटल्यावर तिरंदाजाचं धनुष्य अलगद पुढे झुकतं!

एक आवाज मात्र कमी करायचा नाही, ऐकायचा. 'कट्' असा बारीक आवाज आला की तिथेच थांबा. कापसाचा बोळा भुजांवरून सावकाश फिरवा. तंतू अडकले तिथे बांबू चिरला आहे. ते धनुष्य पुन्हा ओढायचं नाही, गोंद लावूनसुद्धा नाही.

पालकहो, बाणांना बोथट टोकं लावून द्या, मागे पोत्यांची जाड रास ठेवा आणि स्वतः शेजारी उभे राहा. समोर कोणी नको, आकाशाकडे नेम नको. पशुपक्ष्यांवर तर नाहीच. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे.

पण परदेशातले शिकारी आवाजाला एवढे का जपतात, ते गणित करून बघा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तुमचा बाण 40 मीटर धरा. हरिण 20 मीटरवर आहे. टणत्कार आधी पोचतो की बाण, आणि किती आधी? उत्तर वहीत लिहा. त्याखाली एक तक्ता आखा : बाणाचं वजन, दोरीचं अंतर, गोंडे आहेत की नाहीत, आणि दहा पावलं बाजूला, थोडं मागे उभ्या राहिलेल्या मित्राने आवाजाला दिलेले दहापैकी गुण. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर आवाज कशाने गेला ते कळणार नाही. तक्ता भरला की आमच्याकडे पाठवा.