डेस्कटॉपवरील पाट्यांची गर्दी

आमच्या विद्यालयाच्या संगणककक्षांत एकाच यंत्रावर दिवसाकाठीं अनेक वर्गांचे विद्यार्थी बसतात. यंत्र सुरू होतांच जो पहिला पडदा दिसतो, ज्यास डेस्कटॉप म्हणतात, त्यावरील दाटी पाहिली म्हणजे आठवडी बाजारांतील दुकानांच्या पाट्या आठवतात. हवा तो प्रोग्रॅम शोधण्यांतच तासाचा आरंभ निघून जातो. आणि पांचवीचें मूल, ज्यानें नुकताच माउस हातीं धरला आहे, तें तर गोंधळून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसतें.

हा पसारा आवरावा असें सर्वांसच वाटतें, परंतु हात कोणी लावीत नाहीं. याचें कारण आळस नव्हे, भीति होय. चित्र पुसलें कीं प्रोग्रॅमही नाहींसा होईल, असा पुष्कळांचा समज आहे. ज्या चित्राच्या डाव्या बाजूस खालीं लहानसा वांकडा बाण असतो, तो शॉर्टकट. म्हणजे केवळ वाट दाखविणारी पाटी. वेशीवरील पाटी काढली म्हणून गांव कोठें जात नाहीं. प्रोग्रॅम आपल्या ठिकाणीं राहतो व स्टार्टच्या यादींत बहुधा सांपडतो. पाट्या काढल्यानें डिस्कवर मोठी जागा मोकळी होते, असेंही कोणी मानूं नये. पाटीचें वजन तें किती!

मात्र जेथें बाण नाहीं तेथें हात आंखडावा. तेथें कोणाचा निबंध असेल, कोणाचा विज्ञानाचा तक्ता असेल. विंडोज ९५ बरोबर १९९५ सालीं आलेल्या रिसायकल बिन या टोपलींतून चुकून पुसलेली फाईल परत काढतां येते, हें खरें. पण मागून येणारा एखादा उत्साही विद्यार्थी ती टोपलीच रिकामी करतो, आणि दुसऱ्याच्या आठ दिवसांच्या श्रमांवर पाणी पडतें.

कचेरींतील टेबल पडद्यावर मांडण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीनें आपल्या स्टार या यंत्राबरोबर १९८१ सालीं बाजारांत आणली. टेबलावर काय ठेवावें हें बसणाऱ्यानें ठरवावें, सुतारानें नव्हे. आज अनेक प्रोग्रॅम यंत्रांत शिरतांना न विचारतांच आपली पाटी दर्शनी जागीं ठोकतात. कांहीं तर सर्वांच्या सामाईक डेस्कटॉपवर ठोकतात व काढूं गेल्यास व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतात. ही आगंतुकी आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्यें यावर एक उपाय होता. दर ६० दिवसांनीं यंत्र स्वतः पुढें येऊन, न वापरलेले शॉर्टकट एका निराळ्या फोल्डरांत हलवूं काय, असें विचारी. योजना चतुर खरी. परंतु यंत्रास वापर मोजतां येतो, महत्त्व मोजतां येत नाहीं. वार्षिक निकालपत्रकाचा प्रोग्रॅम वर्षांतून एकदांच उघडतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाहीं, व खेळ नित्य उघडतो म्हणून तो आवश्यक ठरत नाहीं. हा निवाडा माणसांनींच करावयास हवा, आणि सामाईक यंत्रावर तो एकट्यानें करूं नये.

यास्तव आमची सूचना अशी कीं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं प्रत्येक वर्गाच्या एका प्रतिनिधीनें शिक्षकांसमवेत बसून हें काम करावें. चित्रें प्रकारवार लावलीं म्हणजे बहुतेक शॉर्टकट एकत्र येतात व निवड सोपी होते. सगळेंच उचलून ‘नवीन फोल्डर’ नांवाच्या कोठारांत कोंबण्याची युक्ति कांहीं जण करतात. त्यास आम्ही आवरणें म्हणत नाहीं, केर सतरंजीखालीं लोटणें म्हणतों.

चित्रें काढण्याच्या प्रोग्रॅमची पाटी ठेवावी कीं नाहीं, याविषयीं मात्र आमच्यांत अद्याप एकमत नाहीं. पांचवी-सहावीचे वर्ग ती राहावी म्हणून हट्ट धरून आहेत, आणि त्यांचें संख्याबळ पाहतां ती राहील असें दिसतें.