छापा पडतो, घराचं काय?

'इतके किलो एमडी जप्त, इतक्या कोटींचा माल.' गेली दोन-तीन वर्षं हा मथळा आपल्याला पाठ झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा टाकला, तेव्हा एमडी म्हणजे मेफेड्रोन हे घरातल्या आजीलाही कळलं. पण हा माल ज्यांच्यापर्यंत पोचतो, त्यांच्या घरात काय चालतं ते बातमीत येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी त्याची झोप उडाली. मग 'खालच्या गाडीतले लोक माझ्यावर नजर ठेवतायत' सुरू झालं. काकू त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेल्या. तिथे सांगितलं, 'आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.' तज्ज्ञ म्हणाले, 'आधी नशा सुटू दे, मग बघू.' या दोन दारांमध्ये चार महिने गेले. नातेवाइकांना मात्र 'त्याला कावीळ झालीय' एवढंच माहीत!

व्यसन आणि मानसिक आजार एकत्र असले की डॉक्टर त्याला 'ड्युअल डायग्नोसिस' म्हणतात. कोणी नैराश्य दाबायला नशा करतं, तर कोणाला नशेमुळेच भास आणि संशय सुरू होतात. आधी काय आलं हे सांगणं बऱ्याचदा अवघड असतं. म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक त्रासाला मानसिक आजारातच धरतो. म्हणजे कागदावर दार एकच आहे. प्रत्यक्षात? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही तरी उपचार मिळतात.

दुसरा पेच वयाचा. मूल अठराचं झालं की 'उचला आणि ॲडमिट करा' चालत नाही. आजार गंभीर असेल, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तरच मनाविरुद्ध दाखल करता येतं. तेही मानसोपचारतज्ज्ञ धरून दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. आई-बाबांना हे जाचक वाटतं. पण हा नियम नसता तर कोणालाही 'वेडा' ठरवून कोंडणं किती सोपं झालं असतं!

तिसरी भीती पोलिसांची. 'डॉक्टरकडे गेलो तर केस होईल' म्हणून कितीतरी घरं गप्प बसतात. पण एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात ड्रग्ज बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर तिला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. ही माहिती कॉलेजच्या नोटीस बोर्डावर का नसते?

मग घरच्यांनी करायचं काय? १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून तिथे कुटुंबाला उपचाराचा भाग मानलं जातं. कारण आजारी मुलगा असला तरी अख्खं घर त्याच्याभोवती फिरायला लागतं. कोणी उधारी भागवतं, कोणी कॉलेजला खोटं कारण कळवतं. माया म्हणून केलेल्या या गोष्टींनी नशेचीच सोय होते. पैसे बंद, पण जेवण, बोलणं आणि डॉक्टरकडे सोबत जाणं चालू, ही रेषा आखणं कठीण आहे. ती आखताना आई-बाबांनाही समुपदेशन लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता आपल्याबद्दल. मित्राच्या आईचा रात्री फोन येतो, 'तो तुझ्याकडेच आहे ना रे?' आणि आपण बिनधास्त म्हणतो, 'हो काकू.' आपल्याला वाटतं, दोस्ती निभावली. खरं तर त्या काकूंचा आणखी एक दिवस आपण वाया घालवलेला असतो. पुढच्या वेळी खरं सांगू या. सोबत दोन नंबरही देऊ या: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मित्र आठवडाभर बोलणार नाही कदाचित. चालेल!