खोडलेलं रीडिंग

थर्ड सेमला लॅबमध्ये आमच्या बॅचच्या ग्राफवर एक बिंदू भलतीकडेच पडला. बाकीचे नऊ गुण्यागोविंदाने एका रेषेत आणि हा दहावा एकटाच उंडारलेला. मी काय केलं? खोडरबर घेतलं. जर्नल चेक झालं, दहापैकी नऊ पडले, मेसलाही वेळेवर पोचलो. तुम्हीही हेच करता, उगाच साळसूद चेहरे करू नका!

हे आठवलं ते विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला गेलो तेव्हा. शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या अँटेना डोकावतात. अशा एकूण ३०. तिथे आमच्यात अंतराळातून येणाऱ्या गूढ रेडिओ स्पंदांचा विषय निघाला. परत आल्यावर मी त्याबद्दल बरंच वाचलं.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने २००१ साली एक स्पंद टिपला. पाच मिलिसेकंदांपेक्षाही छोटा, पण प्रचंड जोरदार. आणि तो सहा वर्षं टेपवर नुसता पडून राहिला! २००७ मध्ये डंकन लॉरिमर यांच्या हाताखालचा डेव्हिड नार्केविक हा आपल्यासारखाच पदवीचा विद्यार्थी जुना डेटा चाळत असताना त्याला तो सापडला. वाटेतल्या इलेक्ट्रॉन्समुळे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी मागे रेंगाळतात. इथे त्या इतक्या रेंगाळल्या होत्या, की स्पंद आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचाच असणार, असा निष्कर्ष निघाला.

पुढची गंमत तर आणखी भारी. पार्क्सलाच तसेच दिसणारे आणखी स्पंद मिळाले, पण ते दुर्बिणीच्या तेराच्या तेरा बीममध्ये एकदम, आणि बहुतेक ऑफिसच्या वेळेत! म्हणजे आकाशातले नव्हेत, इथलेच कुठले तरी. मग लोकांना लॉरिमरच्या स्पंदाचीही शंका येऊ लागली. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी चोर पकडला: तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ संपायच्या आधी कोणी दार उघडलं, की मॅग्नेट्रॉन बंद होता होता एक स्पंद सोडायचा. एमिली तेव्हा पीएच.डी. करत होती. लॉरिमरचा स्पंद मात्र या चौकशीतून खरा म्हणून सुटला. २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारकडून, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेल्या मृत ताऱ्याकडून, असा स्पंद आला. बाकी बहुतेकांचे उगम अजून कोडंच आहेत.

लोक ओव्हनवर हसतात. मला मात्र त्या मंडळींचा हेवा वाटतो. एकीकडे दुसऱ्या आकाशगंगेतली घटना, दुसरीकडे कोणाचं तरी गरम होणारं जेवण. दोन्ही नोंदी राहिल्या म्हणून तर फरक कळला. आपल्याकडे दोन्ही खोडरबरखाली गेल्या असत्या, आणि ग्राफ कसा सुरेख दिसला असता.

सर आणि मॅडम, रागावू नका, पण ही सवय आम्हाला मार्कांनी लावलीय. रेष सरळ तर नऊ, वाकडी तर सहा. मग कोण वाकडी दाखवणार? माझी मागणी साधी आहे. जर्नलच्या शेवटी एक पान 'न जुळलेली रीडिंग्ज' म्हणून ठेवा, आणि व्हायवाला त्यावरच प्रश्न विचारा. कॉपी करणाऱ्याला ते पान भरणं जड जाईल, हा वर बोनस.

माझ्या दहाव्या बिंदूच्या वेळी शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू होतं, एवढंच आता आठवतं. किती व्होल्ट आले होते, किती वाजले होते, काहीच लिहून ठेवलेलं नाही.