नागिणीची लस आणि उतारवयातली स्मृती

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ उठते, फोड पाण्याने भरतात आणि कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही अशी आग होते. हा आजार आपण ‘नागीण’ म्हणून ओळखतो. नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. तिला कोणताही आधार नाही. नागीण हा लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांच्याच विषाणूचा उपद्व्याप. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती उणावली की तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा त्वचेपर्यंत येतो.

या नागिणीचा उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाशी काही संबंध असेल का? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे जे उत्तर दिले, त्याची चर्चा अजून थांबलेली नाही. नागिणीची लस मिळालेल्या वृद्धांमध्ये पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांना आढळले.

असे दावे अधूनमधून होतच असतात, आणि त्यांच्याकडे संशयाने पाहणेच योग्य. कारण आपणहून लस घेणारा माणूस बहुधा आरोग्याबाबत मुळातच जागरूक असतो. तो सकाळी फिरायला जातो, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवत नाही, त्याच्या हाती चार पैसे असतात. त्याची स्मृती टिकली, तर श्रेय लसीला द्यायचे की त्याच्या राहणीमानाला? लस घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी नुसती तुलना करून हा प्रश्न सुटत नाही.

गेल्डसेट्झर यांना तो सोडवता आला तो वेल्समधील एका सरकारी नियमामुळे. तिथे 1 सप्टेंबर 2013 रोजी नागिणीची लस देण्याची मोहीम सुरू झाली. लसीचा साठा मर्यादित होता, म्हणून वयाची रेघ आखण्यात आली. 2 सप्टेंबर 1933 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ठरलेल्या वयात लस मिळणार होती. त्याआधी जन्मलेल्यांना ती कधीच मिळणार नव्हती. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे काही दिवसांच्या अंतराने जन्मलेले दोन वृद्ध घ्या. वय तेच, गावे तीच, खाणेपिणे आणि शिक्षणही साधारण सारखेच. फरक फक्त जन्मतारखेचा. रेघेच्या जेमतेम एक आठवडा आधी जन्मलेल्यांत जवळजवळ कोणालाच लस मिळाली नाही. एक आठवडा नंतर जन्मलेल्यांत 47 टक्के लोकांनी ती घेतली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, तसे काम जन्मतारखेने आपसूक केले. संशोधकांनी दोन लाख 80 हजारांहून अधिक वृद्धांच्या आरोग्य नोंदी तपासल्या. हृदयविकार, मधुमेह, शिक्षण, इतर लसी यांत दोन्ही बाजूंना फरक नव्हता. फरक होता तो स्मृतिभ्रंशात.

20 टक्के हा आकडा मोठा वाटतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. प्रत्यक्षात लस घेतलेल्या दर 100 जणांमागे सात वर्षांत तीन ते चार जणांचे निदान टळले. म्हणजे ही लस काही कवचकुंडले नव्हेत. पण ज्या आजाराला मुळापासून बरे करणारे औषध आजही नाही, त्यात एवढा फरकही मोलाचा. ऑस्ट्रेलियातही वयाच्या अशाच रेघेचा आधार घेऊन अभ्यास झाला आणि निष्कर्ष त्याच दिशेने गेले. दोन देशांत, वेगवेगळ्या नियमांतून तेच दिसले, तेव्हा केवळ योगायोग म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

पण त्वचेवरच्या आजाराची लस मेंदूपर्यंत पोहोचते कशी? मेंदूत स्वतःच्या संरक्षक पेशी असतात. 1919 मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांचे वर्णन करून त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. मेलेल्या पेशी उचलणे, कचरा साफ करणे, शिरलेल्या जंतूंचा बंदोबस्त करणे ही त्यांची कामे. अल्झायमरमध्ये त्यांचे महत्त्व किती, हे कळायला मात्र जवळजवळ शतक जावे लागले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या पेशींशी संबंधित ‘ट्रेम-2’ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका लक्षणीय वाढवतो, असे दिसले. या पेशी सतत चिडलेल्या राहिल्या, की सफाई करता करता चांगल्या चेतापेशींचेही नुकसान होऊ लागते.

लसीबाबत सध्या दोन शक्यता मांडल्या जातात. पहिली अशी, की दडलेला विषाणू वरचेवर डोके वर काढतो, कधी पुरळही न उठता. त्यातून होणारा दाह मेंदूला भोवतो आणि लस तो आवरते. दुसरी अशी, की लस एकूण प्रतिकारयंत्रणेलाच वळण लावते. वेल्समध्ये लसीचा फायदा पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बराच अधिक दिसला. स्त्रियांच्या शरीराचा लसींना मिळणारा प्रतिसाद सहसा अधिक जोमदार असतो आणि नागीणही त्यांना अधिक होते. त्यामुळे या फरकातून कोणती शक्यता खरी, हे ठरत नाही.

आता आपल्याकडे वळू. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे या वयातल्या दर 100 जणांत सातहून अधिक. त्यांतले कितीतरी जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून घरचे सोडून देतात आणि सगळा भार सुनेवर, मुलीवर किंवा थकलेल्या जोडीदारावर पडतो. अशा घरांत ‘लस घ्या, अल्झायमर टाळा’ हा संदेश मोबाइलवर आला, तर आशा वाटणे साहजिक आहे.

म्हणूनच तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वेल्समध्ये दिली गेली ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस. भारतात 2023 पासून पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते ती ‘शिंग्रिक्स’ ही वेगळ्या तंत्राची, दोन मात्रांची लस. या लसीबाबत ऑक्सफर्डमधील संशोधकांनी 2024 मध्ये अमेरिकेतील नोंदींवरून आशादायक निष्कर्ष काढले आहेत. पण त्यांनी तुलना केली ती जुन्या लसीशी, लस न घेतलेल्यांशी नव्हे. दुसरे, उष्ण प्रदेशांत कांजिण्या थंड देशांपेक्षा उशिराच्या वयात होतात, तेव्हा वेल्सचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. तिसरे, ही लस सरकारी लसीकरणात नाही आणि तिचा खर्च हजारो रुपयांत जातो.

मग घ्यावी की नाही? नागीण आणि त्यानंतर महिनोन्महिने छळणारी मज्जातंतूंची वेदना टाळण्यासाठी ही लस उपयुक्त ठरली आहे. परवडत असेल, तर डॉक्टरांशी बोलून त्या कारणासाठी जरूर घ्यावी. स्मृतीला लाभ झाला तर तो वरकड. केवळ अल्झायमरच्या भीतीपोटी कर्ज काढून घेण्याइतका पुरावा आज नाही. रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावणे हे उपाय अधिक स्वस्त आहेत. अशा 14 धोक्यांना आळा घातला, तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा ‘लॅन्सेट’ आयोगाचा 2024 चा अंदाज आहे.

उरला तो शेवटच्या पुराव्याचा प्रश्न. त्यासाठी काही वृद्धांना लस आणि काहींना नुसते सलाइन देऊन वर्षानुवर्षे पाहावे लागेल. गेल्डसेट्झर यांना ही चाचणी जुन्या, जिवंत लसीवर करायची आहे. पण तिच्यावर आता कोणा कंपनीचा नफा अवलंबून नाही. म्हणून त्यासाठी ते देणगीदार शोधत आहेत. एका छोट्या देशाने आपल्या वृद्धांच्या नोंदी नीट जपल्या, म्हणून जगाला इतका महत्त्वाचा धागा सापडला. आपल्याकडे बाळाच्या लसींचे कार्ड घरोघरी जपले जाते. आजी-आजोबांनी कोणती लस कधी घेतली आणि पुढे त्यांना काय झाले, याची सलग नोंद मात्र कुठेच नाही. ती ठेवायला सुरुवात केली, तर असे प्रश्न उद्या आपल्या माणसांबाबतही विचारता येतील.